प्रयोगवहीतले आकडे खरे हवेत

२०२० मध्ये कोरोनाच्या तपासण्यांचा भार वाढला, तेव्हा अमरावतीत मदतीला आली ती विद्यापीठाची प्रयोगशाळा. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाली. ‘बीएस्सी करून पुढे काय?’ असे ज्या शाखेला एरवी विचारले जाते, त्या शाखेचे कौशल्य हजारो कुटुंबांच्या कामी आले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अकोल्यात रुग्ण झपाट्याने वाढले, निर्बंध आले, आणि राज्याचे लक्ष वऱ्हाडातल्या अहवालांकडे लागले.

पीसीआरच्या प्रत्येक फेरीत एका नळीत रुग्णाचा नमुना मुद्दाम घालत नाहीत. ती नळी ‘निगेटिव्ह’ आली पाहिजे. ‘पॉझिटिव्ह’ आली तर कुठेतरी दूषितीकरण झाले आहे असे समजून त्या फेरीचे निकाल थांबवावे लागतात. हिलाच नियंत्रण नमुना म्हणतात. यंत्र आठवडाभरात शिकता येते. पण ही नळी का ठेवायची आणि ती बिघडली तर ते लपवायचे का नाही, हे अंगवळणी पडायला वर्षे लागतात. ती वर्षे पदवीचीच असायला हवीत.

प्रत्यक्षात काय होते? बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिक म्हणजे फळ्यावर लिहिलेली कृती, एका उपकरणाभोवती दहा-बारा जण, आणि शेवटी ‘जर्नल’वर सही. उत्तर आधीच ठाऊक असते, त्यामुळे आलेले वाचन त्या उत्तराजवळ सरकवले जाते. मागच्या वर्षीची वही हाताशी असली की तेही कष्ट वाचतात. यात विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. गुण बरोबर उत्तराला असतात, खऱ्या वाचनाला नसतात. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचे विच्छेदन बंद केले, ते योग्यच झाले. पण बेडूक गेला आणि त्या तासाला तक्ते व चित्रफिती आल्या, तर हाताला काम उरत नाही.

हे हात पुढे रुग्णाच्या अहवालापर्यंत पोहोचतात. लघवीतल्या जंतूवर कोणते प्रतिजैविक चालेल, हे ठरवताना बशीतल्या अगार माध्यमावर जंतू पसरतात, औषधाच्या चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. अगारची जाडी सुमारे ४ मिलिमीटर हवी. थर जाड झाला तर वर्तुळ लहान दिसते आणि चालणारे औषध निकामी ठरते. पातळ झाला तर उलट. डॉक्टरसमोर फक्त कागद येतो. बशी कोणी आणि कशी ओतली, हे त्याला दिसत नाही.

म्हणून पहिल्या वर्षापासूनच साध्या गोष्टींवर भर द्यावा. मायक्रोपिपेटने १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा घेऊन मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर तोलायला लावावे. दर वेळी सुमारे ०.१ ग्रॅम भरायला हवे. पहिल्या दिवशी भरत नाही! आपला हात किती चुकतो, हे विद्यार्थ्याला कोणी न रागावता कळते. रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू मात्र पदवीच्या वर्गात आणू नयेत. सरावाला यीस्ट पुरेसे आहे.

प्रश्न तर दारातच आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा बाहेरून आलेल्या संशोधकाला शोधावा लागेल. दर्यापूर-अकोटकडच्या मुलांच्या घरी त्याची चव माहीत आहे. गावातल्या विहिरीचे पाणी आणावे, त्यातले क्लोराइड अनुमापनाने मोजावे. मग त्याच पाण्यात आणि ऊर्ध्वपातित पाण्यात हरभऱ्याचे पन्नास-पन्नास दाणे रुजत घालावेत, हे तीनदा करावे, आणि कोंब मोजणाऱ्याला कोणती बशी कोणत्या पाण्याची ते सांगू नये. नियंत्रण, पुनरावृत्ती, पूर्वग्रह टाळणे हे सगळे काही शे रुपयांत जमते. निकाल अपेक्षेविरुद्ध आला तर तोच वहीत राहावा, आणि गुण त्याला मिळावेत. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ जवळच आहे. बियाणे आणि माती-पाण्याबाबतची शंका तिथे विचारता येईल.

याची घाई आहे, कारण नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. ती पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात येईल. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण असणाऱ्यांना ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येईल आणि १२ श्रेयांकांचा प्रकल्प करावा लागेल. तीन वर्षे वही उतरवून काढलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी एकदम संशोधक होणार नाही. तो प्रकल्पही कुठून तरी उतरवील.

खरी अडचण उपकरणांपेक्षा माणसांची आहे. रिक्त पदांमुळे अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या बळावर चालतात, आणि त्यांना पैसे घेतलेल्या तासाचे मिळतात. हरभऱ्याचे कोंब रविवारीही मोजावे लागतात. तो रविवार कोणाच्या हजेरीपटावर धरायचा, हे विद्यापीठाने प्रकल्पांचे नियम लिहितानाच ठरवले पाहिजे.