शिखराच्या अलीकडचे स्टेशन

बार्शीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे भुसार मालाची आडत चालवलेल्या एका शेठजींना वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच एक संपूर्ण दिवस एकट्याने मिळाला. तो मिळाला स्वित्झर्लंडमध्ये, दोन सरोवरांच्या मधोमध वसलेल्या इंटरलाकेन या गावी. पत्नी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशा परिवारासह ते जूनच्या पहिल्या आठवड्यात तेथे उतरले होते. त्या दिवशी मंडळी ब्रिएन्झ सरोवरात नौकेने फिरणार होती. उंचीवर चक्कर येते म्हणून पत्नीने डोंगराचे नाव आधीच टाकले होते.

"मी वर जाऊन येतो. एकटाच," शेठजी म्हणाले.

"पप्पा, तुम्हाला इथली भाषा येत नाही."

"आकडे तर येतात ना. वेळापत्रक आकड्यांतच असतं."

मुलाने पुढे वाद घातला नाही. गेले तीन दिवस बापलेकांत तसेही जेवढ्यास तेवढेच बोलणे चालले होते. शेठजींनी नऊ वर्षांपूर्वी बार्शीबाहेर जागा घेऊन तेथे दाळ मिल, मोठे गोदाम आणि शीतगृह उभारण्याचा आराखडा केला होता. आता कारभार मुलाच्या हाती आला होता आणि मुलाचे म्हणणे असे, की मिल आणि गोदाम करू, शीतगृह सोडून देऊ. एवढे कर्ज पेढीला झेपणार नाही. बँकेच्या कागदांवर शेठजींची सही तेवढी राहिली होती. प्रवासाला निघण्यापूर्वी ते एवढेच म्हणाले होते, "अर्धवट काम आपल्या घराण्यात कोणी केलेलं नाही."

पत्नीने पिशवीत मेथीचे ठेपले, खाकऱ्याची पुडी आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली ठेवली. हा सल्ला सर्वच वाचकांनी ध्यानी ठेवावा. त्या मुलुखात पुष्कळ पदार्थांत बटाटा असतो आणि तेथील पुष्कळसे पारंपरिक चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनते. डबा जवळ असला की दिवस निर्धास्त जातो.

इंटरलाकेन ओस्ट स्टेशन 567 मीटर उंचीवर आहे. तेथून सुटणारी गाडी त्स्वाइल्युचिनेन येथे दुभंगते. काही डबे लाउटरब्रुनेनकडे जातात, काही ग्रिंडेलवाल्डकडे. कोणत्या डब्यात बसायचे हे फलाटावरच पाहून घ्यावे लागते. सोबत चार माणसे असली की कोणी ना कोणी ते पाहते. एकट्याला स्वतःच पाहावे लागते. शेठजी चुकीच्या डब्यात बसले होते. गाडी सुटण्याआधी डब्यावरील पाटी त्यांनी खिडकीतून मान काढून पुन्हा एकदा वाचली, आणि पिशवी छातीशी धरून दुसऱ्या डब्यात गेले. त्या लहानशा धावपळीने त्यांना का कोण जाणे, बरे वाटले.

लाउटरब्रुनेनच्या दरीत कड्यावरून जवळपास तीनशे मीटर खाली झेपावणारा श्टाउबबाख धबधबा दिसतो. येथे गाडी बदलायची. पुढची दात्यांच्या रुळावरून चढते. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि गाडीखाली तिच्यात अडकणारे चक्र. मोटारींना मज्जाव असलेले वेंगेन मागे पडते आणि 2,061 मीटरवर क्लाइने शाइडेग ही खिंड येते. आपले कळसूबाई 1,646 मीटर. तेव्हा महाराष्ट्रात जितके उंच जाता येते त्याच्याही वर माणूस येथे बसल्या जागी पोहोचतो, आणि खरी चढण तर पुढेच असते.

या पुढच्या मार्गाची कथा व्यापाऱ्याची आहे. अडोल्फ गुयर-त्सेलर हे झुरिच प्रांतातील सूतगिरणीच्या घराण्यातले. 27 ऑगस्ट 1893 रोजी ते आपल्या मुलीसह म्युरेनच्या बाजूच्या डोंगरात फिरत असताना समोरच्या उतारावर त्याच वर्षी सुरू झालेली क्लाइने शाइडेगची गाडी चढताना त्यांनी पाहिली. युंगफ्राउ शिखरावर रेल्वे नेण्याचे बेत त्यापूर्वी इतरांनीही मांडले होते. पण ते खालच्या दरीपासून सुरुवात करणारे होते. दुसऱ्याची गाडी जिथवर आली आहे तिथूनच आपली सुरू करावी, हे या व्यापाऱ्याला सुचले. आयगर आणि म्योंख या दोन पर्वतांच्या पोटातून बोगदा न्यायचा आणि शेवटी उद्वाहकाने थेट 4,158 मीटरच्या शिखरावर पोहोचायचे, असा मार्ग त्यांनी त्याच रात्री कागदावर काढला.

1896 साली काम सुरू झाले. त्यातील दूरदृष्टी कोणत्याही पेढीवाल्याने वाखाणावी अशी आहे. सगळा मार्ग पुरा होईपर्यंत थांबायचे नाही. जेवढा झाला तेवढ्यावर गाडी सुरू करून तिकिटे विकायची. 1898 साली आयगरग्लेचरपर्यंत, 1903 साली आयगरच्या कड्यातील स्टेशनापर्यंत, 1905 साली आइसमेअरपर्यंत. परंतु यातील बहुतेक भाग गुयर-त्सेलर यांना पाहायला मिळाला नाही. 3 एप्रिल 1899 रोजी, वयाच्या साठाव्या वर्षात, ते निवर्तले. बोगदा तेव्हा जेमतेम आयगरमध्ये शिरला होता.

क्लाइने शाइडेगहून निघालेली गाडी थोडा वेळ उघड्यावर चालते आणि आयगरग्लेचरच्या पुढे अंधारात शिरते. एकूण 9.3 किलोमीटर मार्गापैकी सात किलोमीटरहून अधिक खडकातून आहे. शेठजींच्या समोर एक तरुण जोडपे बसले होते. दोघेही मोबाइलमध्ये गढलेले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. आइसमेअरला, 3,160 मीटरवर, गाडी पाच मिनिटे थांबली तेव्हा सारे धावत खडकात कोरलेल्या मोठ्या खिडकीकडे गेले. शेठजीही चार पावले झपाझप चालले आणि छाती भरून आली. समुद्रसपाटीच्या मानाने येथे हवेचा दाब पुष्कळच कमी असतो. ते भिंतीला हात टेकून उभे राहिले. कोणी हाक मारली नाही, कोणी "पप्पा, बसा" म्हटले नाही. श्वास आपोआप लागी लागला. मग ते सावकाश डब्यात परतले. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज या वाटेला जाऊ नये, आणि कोणीही वर गेल्यावर घाई करू नये.

सुमारे सव्वादोन तासांत ते 3,454 मीटरवरच्या युंगफ्राउयोख स्टेशनात उतरले. योख म्हणजे खिंड. तेथून उद्वाहकाने 3,571 मीटरवरच्या स्फिंक्स वेधशाळेच्या सज्जावर जाता येते. एका बाजूला आलेच हिमनदी, सुमारे वीस किलोमीटर लांब, आल्प्समधील सर्वांत मोठी. तिचे पाणी ऱ्होन नदीवाटे भूमध्य समुद्राला मिळते. पाठीमागच्या उताराचे पाणी ऱ्हाइन नदीतून उत्तर समुद्राला. दुसऱ्या बाजूला मान वर केली की युंगफ्राउचे शिखर.

वर केली की. शेठजींना ते आधी कळलेच नाही. त्यांनी शेजारच्या फलकावरील आकडे पाहिले, मनात वजाबाकी केली. स्टेशनापासून शिखर अजून सातशे मीटर वर होते.

आतील प्रदर्शनात रेल्वेच्या बांधणीचा इतिहास मांडला आहे. इंग्रजी मजकूर लावून लावून वाचायला त्यांना बराच वेळ लागला. पण घाई कुणाला होती? सात वर्षांत संपवायचे काम सोळा वर्षे चालले. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे, सुमारे दीड कोटी फ्रँकांवर गेला. पैशांअभावी काम थांबले, पुन्हा सुरू झाले. संस्थापकामागे ज्यांच्या हाती ते आले त्यांनी शिखराचा नाद सोडला आणि मार्ग खिंडीतच संपवला. 1 ऑगस्ट 1912 रोजी पहिली गाडी येथे आली. बोगदा खोदताना सुमारे तीस कामगारांनी प्राण गमावले. कामगारांत बहुसंख्य इटलीहून आलेले होते. 1899 च्या फेब्रुवारीत सुरुंगाच्या एकाच स्फोटात सहा जण गेले, मालकाच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी. हा भाग शेठजींनी दोनदा वाचला. त्यांच्या आडतीवर पोती वाहणारे एक हमाल जिन्यावरून पडून कायमचे अधू झाले होते. त्यांच्या घरी दरमहा रक्कम जात असे. परंतु शेठजी स्वतः त्या घरी कधी गेले नव्हते.

एका बाकावर बसून त्यांनी डबा उघडला. समोरून माणसे जात येत होती, बर्फात छायाचित्रे काढत होती. तासभर ते पाहत राहिले. एवढ्या वेळात गाडी शिखरापर्यंत का जात नाही, असे कोणी कोणाला विचारताना दिसले नाही.

परतीची गाडी उतरणीला लागली. उतरणाऱ्या गाड्या वेग आवरताना वीज निर्माण करून तारांत परत सोडतात आणि ती चढणाऱ्या गाडीच्या कामी येते, हे शेठजींनी वरच वाचून घेतले होते. ते त्यांना फार आवडले. वाटेत समोरून भरलेली गाडी वर गेली, तेव्हा ते स्वतःशीच हसले.

इंटरलाकेनला पोहोचायला सायंकाळचे सहा वाजले. त्या महिन्यात तेथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे जेवणाची घाई नव्हती. भाड्याच्या घरात सूनबाई मुगाची खिचडी शिजवत होत्या.

"काय पाहिलंत हो वर?" पत्नीने विचारले.

"बर्फ," शेठजी म्हणाले. मग हातपाय धुऊन मुलासमोर बसले. "शीतगृहाची जागा मोकळी पडून राहील. गोदामाचं दार त्या बाजूला काढलं, तर ट्रक वळायला उपयोगी पडेल का?"

मुलगा क्षणभर पाहतच राहिला. "किती टनी ट्रक धरायचा, पप्पा?"

"दहा चाकी धर," शेठजी म्हणाले, "आणि बार्शीला गेलो की आपल्या त्या हमालाच्या घरी मला घेऊन चल. पत्ता मुनीमजींकडे असेल."