पळता घोडा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत एक संगणक आहे. वर्गणी काढून घेतलेला, सेकंडहँड. दिवसा त्यावर दहावी-बारावीची मुले बसतात, संध्याकाळी कामावरून आलेली माणसे आपापले कागद काढतात. मध्यंतरी घरकाम करणाऱ्या एक ताई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसल्या. शेवटचा दिवस होता. मुलगी परीक्षेला गेलेली, म्हणून ताई स्वतःच माऊस धरून. एका चौकटीत खूण करायला जावे तर खूण पडायची वरच्या चौकटीत. तीनदा तसेच झाले. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, आपल्या हाताला हे नाही जमायचं."

आम्ही जवळ जाऊन पाहिले. पडद्यावर नेहमीचा पांढरा बाण नव्हताच. त्याच्या जागी एक तांबडा घोडा चारी पाय उडवीत पळत होता. चूक ताईंच्या हाताची नव्हती, घोड्याची होती. ती कशी, हे आमच्या वाचक बंधु-भगिनींनी समजून घ्यावे म्हणून आजचे हे सदर त्या घोड्यावर.

पडद्यावर माऊसबरोबर जे चिन्ह फिरते त्याला कर्सर किंवा पॉइंटर म्हणतात. हे चिन्ह एका लहानशा फाईलमध्ये साठवलेले असते. चिन्ह स्थिर असेल तर फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन सी, यू, आर ही अक्षरे असतात. हलणारे असेल तर ए, एन, आय. विंडोज ९५ च्या काळापासून घरगुती संगणकावर ही हलती चिन्हे आहेत. ज्यांनी त्या काळी संगणक पाहिला त्यांना वाळूचे घड्याळ आठवत असेल. २००७ साली विक्रीस आलेल्या व्हिस्टापासून त्याची जागा निळ्या फिरत्या कड्याने घेतली. ते कडेही अशीच एक फाईल आहे.

आत काय असते? सिनेमाच्या पट्टीत असते तेच. चित्रांची रांग. घोड्याचा पाय वर, पाय खाली, पुन्हा वर. प्रत्येक चित्र किती वेळ दाखवायचे याचा आकडाही असतो, आणि तो मोजतात सेकंदाच्या साठाव्या भागात. आकडा १० असला तर सेकंदाला सहा चित्रे सरकतात. ५ केला की घोडा दुप्पट वेगाने पळतो. फाईलच्या सुरुवातीला ३६ बाइटचा एक मथळा असतो. चित्रे किती, वेग किती, हे त्यात लिहिलेले असते. या ३६ च्या आकड्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता ताईंच्या घोड्याकडे. चित्र कितीही मोठे असो, क्लिक पडते ते त्यातल्या एकाच ठिपक्यावर. त्याला हॉटस्पॉट म्हणतात (मोबाईलवरून नेट देतात तो हॉटस्पॉट वेगळा, पोरांनी हसू नये). बाणाचा हॉटस्पॉट त्याच्या टोकाला असतो, म्हणून आपल्याला तो कधी जाणवतही नाही. या घोड्याचे तोंड होते उजवीकडे खाली आणि हॉटस्पॉट राहिला होता चित्राच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात. ताई तोंड चौकटीवर नेत आणि क्लिक पडे हरभऱ्याच्या दाण्याएवढे वर. अर्जातल्या चौकटी एकीखाली एक, अगदी चिकटून. मग खूण चुकणारच. ज्या बाईच्या हाताला दहा घरांच्या भांड्याकुंड्यांची सवय आहे, तिने मात्र दोष दिला स्वतःच्या हाताला. आम्हाला याचेच वाईट वाटले.

घोडा बसवला होता अकरावीतल्या एका मुलाने. त्याने कबूल केले. आम्ही त्याला रागावलो नाही. कुणी न शिकवता यंत्रात शिरून त्याने हे केले होते. पण घोडा आणला कुठून, हे विचारल्यावर आमच्या पोटात गोळा आला. फुकट कर्सर देणाऱ्या एका ठिकाणाहून त्याने नुसती फाईल घेतली नव्हती, तिच्याबरोबर आलेला एक प्रोग्रामही चालवला होता. नावाच्या शेवटी ई, एक्स, ई असलेला. कर्सरला प्रोग्राम लागतच नाही! त्याच संगणकावर लोक आधार, बँकपासबुक, जातीचा दाखला उघडतात. प्रोग्राम काढून टाकला आणि संगणक तपासून घेतला, तेव्हा जिवात जीव आला.

नुसती फाईल तरी निर्धोक असते का? इथे तो ३६ चा आकडा येतो. मथळा ३६ बाइटपेक्षा लांब आहे असे खोटेच लिहिलेली फाईल कुणी बनवली, तर विंडोज तेवढा सगळा मजकूर आत घेई आणि त्याबरोबर चोराचे हुकूमही आत शिरत. २००५ साली मायक्रोसॉफ्टने हे भोक बुजवले. पण तपासणी झाली ती पहिल्या मथळ्याची, त्याच फाईलमधल्या दुसऱ्या मथळ्याची नाही. अलेक्झांडर सोतिरोव्ह या संशोधकाने डिसेंबर २००६ मध्ये हे कंपनीला कळवले. मार्च २००७ अखेर चोरांनी त्याचा वापर सुरू केला, तेव्हा नेहमीच्या तारखेची वाट न पाहता ३ एप्रिल २००७ ला दुरुस्ती बाहेर पडली. फसवी फाईल ठेवलेले पान नुसते पाहिले तरी संगणक परक्याच्या ताब्यात जाई. ते भोक आता बुजलेले आहे. तरी अपडेट घेत राहावे. विंडोज १० ची नेहमीची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, हे जुने संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बदलायचे कसे? कीबोर्डवरचे विंडोजचे बटन दाबून धरून आर दाबा. चौकट येईल, तीत इंग्रजीत मेन, मग टिंब, मग सी पी एल लिहा आणि एंटर दाबा. पॉइंटर्सच्या पानावर बाण, कडे, हात यांची यादी दिसेल. हवे ते निवडून ब्राउझने फाईल दाखवा आणि अप्लाय करा. फाईल पेनड्राइव्हवर ठेवू नका. ती हलली की चिन्हही जाते. हॉटस्पॉट नीट आहे का, हे एखाद्या लहान चौकटीवर क्लिक करून आधी पाहा. बिघडले तर यूज डिफॉल्टचे बटन आहेच.

त्याच यादीत मोठे आणि काळे बाणही मिळतात. विंडोज १० व ११ च्या सेटिंगमध्ये तर बाणाचा आकार आणि रंग हवा तसा करता येतो. चाळिशी लागलेल्यांना, मोतीबिंदू झालेल्या आजी-आजोबांना याचा घोड्यापेक्षा जास्त उपयोग आहे.

त्या मुलानेच ताईंसाठी मोठा पिवळा बाण लावून दिला. अर्ज रात्री साडेनऊला गेला. विंडोज प्रत्येकाच्या खात्याची चिन्हे वेगळी ठेवते, म्हणून आता अभ्यासिकेत मुलांचे खाते निराळे आहे. घोडा तिथे पळतो, हॉटस्पॉट तोंडाशी आणलेला.