पर्यावरणाचा पेपर कोणी तपासायचा?



सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बजावले, आणि पदवीला सहा महिन्यांचा पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला. त्याचे पुस्तक लिहिले पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या डॉ. भरुचांनी. पोरे शिकोत, आमची तक्रार नाही.

पण त्याच पुण्याच्या उशाशी परंदवडीचा मावळ आहे. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेऊ नका म्हणून ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्याच महिनाअखेरीस प्राध्यापक माधव गाडगीळांच्या समितीचा पश्चिम घाट अहवाल आला. त्याचे म्हणणे: ग्रामसभेला विचारून ठरवा. केंद्र सरकारने तो मे २०१२ पर्यंत दाबून ठेवला, मग दुसरी समिती नेमली!

कोरडवाहू भावांनो, हवामानाचे धोरणही असेच आपल्याला न विचारता ठरते. पावसाचा खंड, बोंडअळी, काळी पडलेली ज्वारी मात्र आपल्या पदरात.

राहुरी, अकोला, परभणीच्या कृषी विद्यापीठांना आमचे सांगणे एवढेच: संशोधन जरूर करा, पण खंडात बुडालेला खर्च त्यात मांडा. धोरणाचा मसुदा मंत्रालयाआधी ग्रामसभेत वाचा. पेपर आम्ही तपासू!