उणे तीनची रेषा

जव्हार-मोखाड्यातल्या कुपोषणाची बातमी आली की दोन शब्द हमखास येतात: सॅम आणि मॅम. म्हणजे तीव्र कुपोषित आणि मध्यम कुपोषित बालके. किती सॅम, किती मॅम, गेल्या महिन्यापेक्षा वाढली की घटली, यावर आढावा बैठका होतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभरावर बालके दगावली. तेव्हापासून या भागाची ओळखच अशा आकड्यांशी जोडली गेली आहे. आज हे आकडे ज्या मापावर उभे आहेत ते माप नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे मात्र क्वचितच समजावून दिले जाते.

त्या मापाचे नाव झेड स्कोअर, म्हणजे प्रमाणित गुणांक. कल्पना सोपी आहे. दोन वर्षे पूर्ण झालेल्या निरोगी मुलग्याची मध्यम उंची ८७.१ सेंटिमीटर असते. पण सगळी निरोगी मुले एकाच उंचीची नसतात. काही थोडी उंच, काही थोडी बुटकी. हा नैसर्गिक फरक साधारण किती, ते प्रमाण विचलन सांगते. या वयात ते सुमारे ३ सेंटिमीटर आहे. एखादा मुलगा ८० सेंटिमीटरचा असेल तर तो मध्यापेक्षा ७.१ सेंटिमीटरने कमी. या फरकाला प्रमाण विचलनाने भागले की त्याचा गुणांक येतो, उणे २.३ च्या आसपास. वजनाच्या बाबतीत गणित थोडे किचकट होते, म्हणून अंगणवाडीत तयार तक्ते वापरतात. अर्थ तोच: हे मूल निरोगी मुलांच्या मध्यापासून किती पायऱ्या खाली आहे?

‘आदिवासी मुले मुळातच बारीक असतात, त्यांना परदेशी माप कशाला?’ हा आक्षेप अजूनही ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जाहीर केलेली ही मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत. भारतातील मुले दिल्लीची होती. आईचे दूध, पुरेसा आहार आणि आरोग्यसेवा मिळाली तर पहिल्या पाच वर्षांत या सर्व देशांतील मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढते, हे त्या अभ्यासातून दिसले. फरक पडतो तो प्रामुख्याने परिस्थितीने.

उंचीच्या मानाने वजनाचा गुणांक उणे दोनच्या खाली गेला की मूल मॅम, उणे तीनच्या खाली गेला की सॅम. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तरीही ते सॅमच. अशा मुलाला मृत्यूचा धोका अनेक पटींनी जास्त असतो. म्हणून ही रेषा उपचारासाठी आवश्यक आहे. पण तिच्याकडे बघताना दोन चुका होतात.

पहिली चूक मोजण्यातली. ७.७ किलो वजनाच्या मुलग्याची लांबी ७५ सेंटिमीटर असेल तर तो मॅम. ७७ सेंटिमीटर असेल तर सॅम. रडणाऱ्या मुलाचा गुडघा वाकलेला राहिला आणि लांबी दोन सेंटिमीटरने कमी नोंदली गेली, तर खऱ्या लांबीने सॅम असलेले मूल कागदावर मॅम ठरते आणि त्याला मिळायला हवे ते उपचार हुकतात. लांबी मोजताना दोन माणसे लागतात, एक डोके धरायला आणि दुसरे गुडघे सरळ ठेवायला. अंगणवाडी सेविकेने हे एकटीने कसे करायचे? शिवाय उणे २.९ आणि उणे ३.१ या दोन मुलांत शरीराच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. गेल्या महिन्यात उणे १.५ वर असलेले मूल आज उणे २.५ वर आले असेल, तर ते सॅमच्या यादीत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. त्याची घसरण हीच धोक्याची खूण आहे.

दुसरी चूक मोठी आहे. निरोगी समाजातही उणे दोनच्या खाली काही मुले असतातच, शंभरात साधारण दोन. उणे तीनच्या खाली हजारात एखादेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने उणे दोनच्या खाली होती, १०.९ टक्के उणे तीनच्या खाली. ही सरासरी मुंबई-पुण्यालाही पोटात घेते. दोनच्या जागी सव्वीस मुले येतात, तेव्हा घसरलेली असते ती मोजकी मुले नव्हे, सगळी रांगच. त्या रांगेत ‘सामान्य’ म्हणून नोंदलेली मुलेही असायला हवीत त्यापेक्षा खाली उभी असतात.

रांगेच्या टोकाची मुले उचलून पोषण पुनर्वसन केंद्रात नेलीच पाहिजेत. त्यांचा जीव त्यावर अवलंबून असतो. पण रांग सरकलेली राहिली तर पुढच्या महिन्यात त्यांच्या जागी दुसरी मुले येतात. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, तिथे मुलाचे वजन कोण घेणार? पावसाळ्यात घरातले धान्य संपते आणि जुलाब-ताप सुरू होतात. रांग सरकते ती इथे.

म्हणून महिन्याच्या अहवालात सॅम-मॅमच्या संख्येबरोबर तालुक्यातील सर्व मुलांचा सरासरी गुणांक आणि मोजली न गेलेल्या मुलांची संख्याही यायला हवी. मोजमापांची अधूनमधून फेरतपासणी व्हावी आणि स्थलांतरित मुलाची नोंद त्याच्याबरोबर भट्टीपर्यंत जावी. सॅमची संख्या कमी झाली एवढ्यावर बैठक संपू नये. सरासरी किती वर आली, हा प्रश्न तिथे विचारला गेला पाहिजे.