सूत्राची सीमा

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने अणुकेंद्राविषयी लिहावे, हा काहींना अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ या एका गृहीतावर ज्याचे निम्मे अध्यापन उभे आहे, त्याला इतर शास्त्रे आपली गृहीते कशी तपासतात, याचे कुतूहल असणे स्वाभाविकच होय.

ड्यूटेरॉन हे जड हायड्रोजनचे अणुकेंद्र. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, एवढाच त्याचा परिवार. या दोघांना जोडणारी बंधन-ऊर्जा सुमारे 22 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. एकट्या प्रोटॉनच्या वस्तुमानात सामावलेली ऊर्जा सुमारे 93 कोटी 80 लाख. म्हणजे हे बंधन तिच्या चारशेव्या हिश्शाएवढेच. इतक्या सैल बांधणीच्या केंद्राचे गणित मांडताना आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाला तसदी देण्याचे कारण नाही, असे मानणे गैर नव्हते. पुष्कळ काळ तेवढ्यावर भागलेही.

परंतु वेगवान इलेक्ट्रॉनचा मारा करून हे केंद्र फोडले की चित्र पालटते. आघात सौम्य असेल तर जुने सूत्र टिकते. आघातातून प्रोटॉनला मोठा संवेग मिळाला, तर मात्र तो प्रकाशाशी स्पर्धा करू लागतो. त्याचे वस्तुमान आणि प्रकाशवेग यांच्या गुणाकाराइतका संवेग त्याला मिळाला, तर त्याचा वेग प्रकाशवेगाच्या 71 टक्के होतो. अशा वेळी जुन्या सूत्राने काढलेली गतिज ऊर्जा खऱ्या ऊर्जेपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी जास्त भरते. शिवाय, विश्रांत ड्यूटेरॉनचे वर्णन आणि फुटून पुढे धावणाऱ्या जोडीचे वर्णन एकाच चौकटीत आणताना आकुंचन येते, कणांच्या परिभ्रमणाची दिशा बदलते, विद्युत्प्रवाहाच्या सूत्रात नवी पदे शिरतात.

विशेष असे की, काही मोजमापांत हा परिणाम आघात फारसा तीव्र नसतानाही जाणवतो. इलेक्ट्रॉनने दिलेल्या संवेगाच्या दिशेच्या एका बाजूला किती प्रोटॉन उडाले आणि दुसऱ्या बाजूला किती, यांतील तफावत हे असेच एक मोजमाप. 1990 च्या दशकाच्या आरंभी ॲमस्टरडॅमच्या निखेफ प्रयोगशाळेत ती मोजली गेली, तेव्हा सापेक्षतेच्या दुरुस्त्या धरलेली गणितेच प्रयोगाच्या अधिक जवळ आली.

यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. उत्तर हिशेब लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळण्याजोगे आहे. मोकळा न्यूट्रॉन सरासरी 15 मिनिटांत नष्ट होतो. त्याचे लक्ष्य करून त्यावर मारा करता येत नाही. म्हणून त्याचे गुणधर्म बहुधा ड्यूटेरॉनसारख्या हलक्या केंद्रांतूनच वाचावे लागतात. वगळलेली दुरुस्ती म्हणजे चुकीच्या खात्यावर पडलेली रक्कम. ती न्यूट्रॉनच्या नावे जमा झाली, तर त्याच्याविषयी खोटे निष्कर्ष निघतील. एखाद्या काल्पनिक बलाच्या नावे पडली, तर नसलेल्या शोधाचा डंका पिटला जाईल. तेव्हा नव्याचा दावा करण्यापूर्वी ठाऊक असलेली प्रत्येक दुरुस्ती हिशेबात घेणे, हा येथे प्रामाणिकपणाचाच भाग ठरतो.

हा प्रामाणिकपणा आपण वर्गात शिकवतो काय? सूत्र पाठ करवून घेतो, उदाहरणे सोडवून घेतो, गुण देतो. ते सूत्र कोणत्या मर्यादेपर्यंत खरे आणि तिच्यापलीकडे चूक किती, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत क्वचितच येतो. अर्थशास्त्राची तर याहून दुरवस्था आहे. पदार्थविज्ञानात चुकीचा अंदाज निदान आकड्यांत बांधता येतो. आमच्याकडे गृहीत ढासळले तरी आलेख फळ्यावर तसाच राहतो, आणि त्याच्या आधारे घेतलेल्या निर्णयाची किंमत ज्यांनी तो आलेख कधी पाहिलाही नाही, ते मोजतात.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना आणि परीक्षकांना एक नम्र सूचना करावीशी वाटते. प्रत्येक सूत्राबरोबर त्याच्या सीमेचा एक प्रश्न अनिवार्य करावा. त्यासाठी नवी इमारत नको, नवे अनुदान नको. ‘हे कोठवर खरे?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला उद्धट न समजणारा अध्यापक मात्र हवा. त्या अध्यापकांत प्रथम मी स्वतःला उभे करतो, कारण हा प्रश्न माझ्याही वर्गात आजवर फार थोड्या वेळा विचारला गेला आहे.