खुर्ची दिली, किल्ल्या ठेवून घेतल्या

३१ जानेवारी २०२६ रोजी सुनेत्रा पवार यांनी महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. तीनच दिवसांपूर्वी बारामतीला विमान कोसळून अजित पवार यांचा मृत्यू झाला होता. १९७८ साली हे पद राज्यात पहिल्यांदा आले. तेव्हापासून ४८ वर्षांत त्यावर बसलेली ही पहिली बाई.

या शपथेवर दोन तऱ्हांनी बोलले गेले. एक कौतुकाचे: 'पहिली महिला!' दुसरे नाक मुरडून: 'घराणेशाही', आणि हलक्या आवाजात, 'इतक्या लवकर?' नवरा गेल्यावर बाईने उंबऱ्याबाहेर पाऊल कधी टाकायचे हा हिशेब तिचा तिने मांडावा; त्यावर आम्ही अधिक बोलणार नाही. घराणेशाहीला आमचा विरोध आहेच. पण बापाची गादी मुलाने चालवली तर तो वारसा आणि नवऱ्याची बायकोने चालवली तर घराणेशाही, हा न्याय आम्हाला मान्य नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. बाईला खुर्ची दिली, तेव्हा त्या खुर्चीबरोबरच्या किल्ल्या कुठे गेल्या?

मुळात हे पद आहे काय? राज्यघटनेच्या १६३ आणि १६४ कलमांत मुख्यमंत्री आहे, मंत्री आहेत. 'उपमुख्यमंत्री' हा शब्द नाही. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पदाविरुद्धची याचिका फेटाळली तीही असेच सांगून: उपमुख्यमंत्री हा शेवटी एक मंत्रीच, या नावाने त्याला जादा पगार मिळत नाही, मग घटनेचा भंग कसला? म्हणजे पदाला स्वतःचा अधिकार नाही. ती सत्तेच्या वाटणीतली एक मानाची खूण आहे. १९७८ मध्ये दोन काँग्रेस एका घरात नांदवायच्या होत्या म्हणून वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. इराकमधल्या कुर्दिस्तान प्रदेशातही हाच व्यवहार दिसतो. २०१९ च्या सरकारात बारझानी घराण्याचे मसरूर पंतप्रधान, तर दुसऱ्या पक्षाच्या तालबानी घराण्याचे कुबाद उपपंतप्रधान. दोन पक्ष, दोन घराणी, आणि मधे एक 'उप'.

मग या पदाचा दरारा येतो कुठून? खात्यातून. १९९५ साली गोपीनाथ मुंडे, १९९९ साली छगन भुजबळ, २००४ साली आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री झाले, तेव्हा तिघांकडेही गृह खाते होते. २००५ मध्ये डान्स बार बंद करून हजारो बायकांच्या रोजीरोटीचा फैसला झाला, तो गृह खात्याच्या जोरावर. अजित पवारांकडे अर्थ खाते होते. २८ जून २०२४ रोजी 'लाडकी बहीण' जाहीर झाली ती अर्थमंत्र्याच्या भाषणातून. ऑगस्ट २०२५ मध्ये चाकणची वाहतूक कोंडी पाहायला ते भल्या पहाटे आले आणि सगळी यंत्रणा त्यांच्यामागे रस्त्यावर उतरली. ती 'उप' या अक्षरांमुळे नव्हे. या माणसाच्या हातात तिजोरी आहे आणि पालकमंत्री म्हणून जिल्हा नियोजन समितीचा पैसाही आहे, हे प्रत्येक अधिकाऱ्याला ठाऊक होते.

सुनेत्रा पवार शपथ घेऊन उतरल्या तेव्हा खाती मिळाली ती राज्य उत्पादन शुल्क, क्रीडा व युवक कल्याण, अल्पसंख्याक विकास. अर्थ खाते मुख्यमंत्र्यांकडे गेले. अनुभव नाही, अर्थसंकल्प तोंडावर आहे, अशी कारणे देता येतात. पण मैत्रिणींनो, हे आपल्याला नवे आहे का? सून घरात येते, तिला ओवाळतात, मोठ्या मानाने पाटावर बसवतात, आणि फडताळाच्या किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्याच्याच कमरेला राहतो.

आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये तर किल्ल्याच काय, खुर्च्याही काढून घेतल्या होत्या. महापालिकेच्या १२८ जागांपैकी ६४ बायकांसाठी राखीव. १९९० पासूनच्या लढाईतून ३० टक्के, मग ३३ टक्के आणि २०११ मध्ये ५० टक्के, असे हे आरक्षण मिळाले. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत निवडणूकच नाही! जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचे राज्य. या काळात पाण्याची, कचऱ्याची, बालवाडीची तक्रार घेऊन जायला वस्तीतल्या बाईला नगरसेविका नव्हती. शहराचे प्रश्न सुटायचे ते उपमुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यात. चौसष्ट बायकांना गप्प बसवून एका पुरुषाच्या पहाटेच्या दौऱ्यांचे कौतुक करणे, याला आम्ही लोकशाही म्हणत नाही.

तिजोरी आणि मंत्रिमंडळ यांच्या बाहेर राहिलेल्या बाईचे काय होते ते चाकणला पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. संमती! ठेकेदाराच्या हजेरीपटावरची बाई, जिला उद्या 'येऊ नकोस' म्हणायला कागदही लागत नाही, ती या कागदावर सही नाकारील? बारा तास पाळीचे, त्यावर कंपनीच्या बसचे जाणे-येणे, त्यावर घरचा स्वयंपाक आणि पाणी भरणे. लेकराला कुठे ठेवायचे? या मंत्रिमंडळात दोन उपमुख्यमंत्री होते. दोघेही पुरुष.

एक किल्ली मात्र नव्या उपमुख्यमंत्र्यांच्या हाती पडली, आणि ती आपल्या ओळखीची आहे: दारूची. जून २०२५ मध्ये सरकारने मद्यावरचे शुल्क वाढवले आणि त्यातून १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज सांगितला. म्हणजे उत्पादन शुल्क मंत्र्याने तिजोरी भरायची आणि ती उघडायची दुसऱ्याने. बहिणीला महिन्याला १५०० रुपये ओवाळणी, आणि ती यायची दाजीच्या बाटलीतून. हे पैसे शेवटी कोणाच्या घरातून जातात ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण याच खात्याकडे 'उभी बाटली, आडवी बाटली'चे मतदानही आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान घ्यावे लागते, पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई पाळीवर आहे, जी भाड्याची खोली सोडून गेली, जी मरूनही यादीत आहे, ती प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते. आमदार निवडायला असली अट नाही. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी नव्या दुकानांना सोसायटीची ना हरकत सक्तीची करण्याची घोषणा केली. सोसायटीत राहणाऱ्यांना संरक्षण मिळाले. चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या बाईला कोणाची ना हरकत?

जगात दुसरी वाटही आहे, आणि तीही कुर्दांनीच दाखवली. २०१४ मध्ये तुर्कस्तानातल्या दियारबाकिर शहरात तिथल्या कुर्द पक्षाने एक बाई आणि एक पुरुष असे दोन सहमहापौर दिले. गुल्तान किशानाक या त्यांतल्या एक. हे पदही कायद्यात नव्हते. चळवळीने ते वापरून दाखवले. २०१६ मध्ये दोघांनाही अटक झाली, यावरूनच सत्तेला त्याची किती भीती वाटली ते कळते. 'उप' आणि 'सह' यांत एका अक्षराचा फरक नाही. उप खाली बसतो, सह शेजारी बसते.

म्हणून सुनेत्राताईंचे अभिनंदन करू, आणि त्याच पत्रात मागण्याही लिहू. आडव्या बाटलीसाठी झालेल्या मतांचे बहुमत पुरे समजा. मतदान सुट्टीच्या दिवशी घ्या. वस्तीतल्या दुकानालाही तिथल्या बायकांची संमती लागू करा. बारा तासांच्या पाळीविरुद्ध मंत्रिमंडळात बोला आणि तुमचा विरोध नोंदवा. आणि पुण्याचा पालकमंत्री कोणीही असो, जिल्हा नियोजनाच्या पैशातून चाकण-भोसरीच्या कामगार बायकांसाठी पाळणाघरे किती झाली, याचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा.

उत्तर आले नाही तर मोर्चा आपल्या सवयीचा आहे. 'पहिली महिला' म्हणून टाळ्या वाजवायला आपण जमलो नव्हतो. किल्ल्या मागायला जमलो आहोत.