रुळांना कधीच न बांधलेली बाई

मागच्या हिवाळ्यात एका फिल्म सोसायटीत मूकपटांवर व्याख्यान होतं. वक्ते नावाजलेले, सभागृह अर्धं भरलेलं, चहा बरा होता. पडद्यावर एक स्थिरचित्र आलं: रेल्वेच्या रुळांना साखळीनं जखडलेली बाई, शेजारी मिशा पिळणारा खलनायक. वक्ते म्हणाले, "ही पर्ल व्हाइट. 'द पेरिल्स ऑफ पॉलिन', १९१४. दर आठवड्याला हिला रुळांवर बांधायचे आणि हिरो येऊन सोडवायचा." लोक हसले. प्रश्नोत्तरांत मी हात वर केला आणि सांगितलं, की चित्रातली बाई मेबल नॉर्मंड आहे, चित्रपट १९१३चा आहे, आणि मुख्य म्हणजे तो विनोदी आहे, अशा प्रसंगांची टिंगल करण्यासाठीच काढलेला. वक्त्यांनी हसून उत्तर दिलं, "डिटेल्स जाऊ द्या हो, मुद्दा लक्षात घ्या."

मी तेव्हा खाली बसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितोय. कारण इथे मुद्दा तपशिलातच आहे. तपशील खोटा असेल तर त्यावर रचलेला मुद्दाही खोटाच असतो.

'पॉलिन'मध्ये पर्ल व्हाइटला रुळांवर बांधल्याचा प्रसंग नाही. बाईला रुळांवर बांधण्याची जी प्रतिमा आपण मूकपटांच्या नावावर खपवतो, ती खऱ्याखुऱ्या गंभीर मूकपटांत फार दुर्मिळ आहे. ती ठळक दिसते ती मॅक सेनेटच्या प्रहसनांत. आधी मेबल नॉर्मंड, मग १९१७ मध्ये ग्लोरिया स्वॉन्सन. ज्या जुन्या नाटकावरून हा प्रकार लोकप्रिय झाला, ते ऑगस्टिन डेली यांचं १८६७चं नाटक. त्यात रुळांवर बांधलेला असतो पुरुष, आणि कुऱ्हाडीनं दार फोडून त्याला सोडवते ती बाई. म्हणजे मुळात उलटंच होतं. त्याच काळातल्या रेल्वेवरच्या सिरियल्स बघाल तर तिथे बायका रुळांवर पडलेल्या नाहीत, इंजिनावर चढलेल्या आहेत. 'द हॅझर्ड्स ऑफ हेलन' ही मालिका ११९ भाग चालली. तिची नायिका तारऑफिसात काम करते आणि सुटलेल्या गाड्या थांबवते. आधी हेलन होम्स, नंतर हेलन गिब्सन.

हे सगळं गिळून आपण एक व्यंगचित्र का जपून ठेवलं? माझं उत्तर सरळ आहे. ते सोयीचं आहे. 'तेव्हाचे लोक भोळे होते, तेव्हाच्या बायका बिचाऱ्या होत्या' असं म्हटलं की आजचा माणूस आपोआप शहाणा ठरतो, तेही फुकटात.

आता पर्ल व्हाइटकडे वळू. जन्म १८८९, मिसूरी राज्यातलं ग्रीन रिज नावाचं खेडं. फिरत्या नाटक मंडळ्यांत उमेदवारी, मग १९१०च्या सुमारास सिनेमा. आधी पॉवर्स, लुबिन, पॅथे असं करत करत क्रिस्टल नावाच्या कंपनीत छोटे छोटे विनोदी चित्रपट. पडणं, आपटणं, धावणं. शरीर वापरायची सवय तिथली. १९१४च्या मार्चमध्ये 'पॉलिन' सुरू झाली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. वीस भाग, दर पंधरवड्याला एक. पैसा पॅथेचा आणि वृत्तपत्रसम्राट हर्स्टचा. पडद्यावर जे दिसेल तेच हर्स्टच्या वर्तमानपत्रांत कथारूपानं छापून येई. आज ज्याला आपण मोठ्या ऐटीत 'क्रॉस-मीडिया' म्हणतो, ते हेच.

आणखी एक गैरसमज जाता जाता मोडतो. 'पॉलिन'चा भाग नायिकेला कड्यावर लोंबकळत ठेवून संपत असे, असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेक भाग त्या-त्या भागात पूर्ण होत. संकट येई आणि टळे. 'पुढे काय?' म्हणून तोंडाला पाणी सोडून ठेवण्याची युक्ती नंतरच्या सिरियल्सनी पक्की केली.

गोष्ट काय होती? श्रीमंत घरात वाढलेली पॉलिन. पालक लग्न लावून देऊ पाहतो. मुलगाही तिला आवडतो. ती म्हणते, आधी एक वर्ष मला जग बघू द्या, लिहू द्या, मग लग्न. पालक मरतो, आणि तिची इस्टेट सांभाळणारा सेक्रेटरी तिला मारायचे वीस प्रकार शोधतो. फुगा, कडा, आग, समुद्र. इथे माझे स्त्रीवादी मित्र बोट ठेवतात आणि ते बरोबर ठेवतात: पुष्कळदा तिला सोडवायला हॅरी येतो, आणि शेवटी 'पुरे झालं साहस' म्हणत ती लग्नाला तयार होते. मान्य. मी तिला झाशीची राणी करायला निघालेलो नाही. पण एवढं बघा, की १९१४च्या प्रेक्षकानं वीस पंधरवडे पैसे मोजले ते लग्न बघायला नाही. लग्न पुढे ढकललं होतं म्हणून सगळी गंमत होती. ज्या मुलीला 'आधी एक वर्ष' म्हणता येत नव्हतं, तिच्यासाठी ते वर्ष पडद्यावर चाललं होतं.

मग 'द एक्स्प्लॉइट्स ऑफ इलेन' आली. फ्रान्समध्ये ती 'न्यूयॉर्कची रहस्यं' अशा अर्थाच्या नावानं, महायुद्ध चालू असताना दाखवली गेली आणि तिथल्या वर्तमानपत्रात लिहूनही आली. पुढे अतिवास्तववादी म्हणून गाजलेले आरागाँ आणि सुपो हे तरुण कवी तिच्यावर फिदा होते. पॅरिसच्या कवींना जी बाई नव्या युगाची खूण वाटली, ती आपल्याकडच्या व्याख्यानात चार मिनिटांचा विनोद होते, याला काय म्हणावं?

माझं खरं भांडण मात्र पुढच्या गोष्टीशी आहे.

पर्ल व्हाइट विकली गेली ती एका वाक्यावर: हे सगळं ती स्वतः करते. सुरुवातीला त्यात पुष्कळ तथ्य होतं. 'पॉलिन'च्या चित्रीकरणात एका प्रसंगात तिला उचलून जिन्यावरून नेताना नट अडखळला, ती पडली आणि तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ते दुखणं तिला जन्मभर पुरलं. नीट बघा, इजा झाली ती कड्यावर नाही, फुग्यात नाही, आगीत नाही. घरातल्या जिन्यावर. स्टंट हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर झेप येते. शरीराची झीज होते ती मात्र रोजच्या कामात, पाचव्या टेकला, सहाव्या टेकला.

नंतर कंपनीनं तिच्या जागी दुसऱ्यांना उड्या मारायला लावल्या. तिची किंमत वाढली होती, कण्याची अवस्था ठाऊक होती, दोन्ही कारणं पुरेशी होती. पण जाहिरात बदलली नाही. 'सगळं ती स्वतः करते' हे चालूच राहिलं, आणि तिनंही ते चालू दिलं. १९१९ मध्ये 'जस्ट मी' नावाचं तिचं आत्मचरित्र आलं. त्यातल्या गोष्टींवर अभ्यासक फारसा भरवसा ठेवत नाहीत. इथे मी तिचा वकील नाही. ती त्या खोट्यात भागीदार होती आणि त्याचे तिला पैसे मिळाले.

मधली काही वर्षं तिनं फॉक्स कंपनीसाठी लांबीचे नाट्यपट केले. ते चालले नाहीत. परत पॅथेकडे, परत सिरियल. 'प्लंडर'. १९२२चा ऑगस्ट. न्यूयॉर्कच्या ७२व्या रस्त्यावर, बसच्या टपावरून वरच्या रेल्वेच्या लोखंडी तुळईला उडी मारून लटकायचं, असा प्रसंग. टपावर उभा होता जॉन स्टीव्हन्सन. डोक्यावर तिच्यासारखा सोनेरी केसांचा टोप, अंगात बाईचे कपडे. हात निसटला. तो खाली पडला आणि मेला.

दुसऱ्या दिवसापासून चर्चा कशाची झाली? पर्ल व्हाइटनं आपल्याला फसवलं, याची. आजही तिच्यावरचा कुठलाही छोटा लेख काढा. स्टीव्हन्सनचा मृत्यू तिथे एका वाक्यात येतो, आणि ते वाक्य बहुधा असं असतं की या अपघातामुळे ती स्वतः स्टंट करत नसल्याचं जगाला कळलं. म्हणजे माणूस मेला तो एक पुरावा म्हणून. त्याला जाळी का नव्हती, तो टोप आणि ते कपडे घालून भर रस्त्यात उडी का मारायला लावली, कोणी ठरवलं, याचं उत्तर कोणाला द्यावं लागलं, हे प्रश्न त्या वाक्यात मावतच नाहीत. 'प्लंडर' १९२३ मध्ये प्रदर्शित झाली.

मराठी माणसानं तरी या जागी थोडं थांबावं, असं मला वाटतं. बाईच्या वेषातला पुरुष ही आपल्याला अपूर्वाईची गोष्ट नाही. १९१३ मध्ये फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते साळुंके. 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. त्यांचं नाव आपण शंभर वर्षं अभिमानानं घेतो. बालगंधर्वांच्या नावानं नाट्यगृह बांधतो. का? कारण ते बाईच्या वेषात आहेत हे उघड होतं आणि नाव छापलेलं होतं. स्टीव्हन्सन त्याच वेषात होता. फक्त त्याचं काम असं होतं, की नाव कळलं तर कामच फुकट गेलं.

आपल्याकडचा धागा इथेच लागतो. या अमेरिकन सिरियल्स मुंबईत भरभरून चालल्या. त्या बघत वाढलेल्यांपैकी एक जे. बी. एच. वाडिया. त्यांनी आणि भाऊ होमी यांनी १९३५ मध्ये 'हंटरवाली' काढला आणि मेरी इव्हान्स ही ऑस्ट्रेलियात जन्मलेली मुलगी नादिया झाली. चेहरा झाकून, चाबूक घेऊन, घोड्यावरून. तिला 'भारताची पर्ल व्हाइट' म्हणायची पद्धत आहे. मला ती अजिबात आवडत नाही. एक तर त्यात नादियाची उंची उसनी होते. दुसरं, हंटरवालीला सोडवायला हॅरी येत नाही. ती इतरांना सोडवते. वाडियांनी जे घेतलं त्यात फेअरबँक्सही होता, आणि त्यांनी ते बदलून घेतलं. बरं, ही तुलना करणाऱ्यांपैकी किती जणांनी पर्ल व्हाइटचा एक तरी भाग बघितला आहे? मूळ वीस भागांची 'पॉलिन' आज आहे कुठे? उरली आहे ती युरोपसाठी कापून नऊ भागांत बसवलेली आवृत्ती. तिच्या पाट्या एका भाषेतून दुसरीत जाऊन परत आल्यामुळे वेड्यावाकड्या झाल्या आहेत. त्या पाट्यांना हसून आपण म्हणतो, जुने सिनेमे असेच असायचे.

लहानपणी आमच्या चाळीत एक काका होते. नाव सांगत नाही, घरच्यांना आवडणार नाही. 'पिक्चरमध्ये आहेत' एवढंच आम्हाला ठाऊक होतं. उजवा गुडघा वाकत नसे, जिना उतरताना ते कठड्याला धरून एकेक पायरी आडवे उतरत. एकदा व्हीसीआर भाड्यानं आणला होता. एका मारामारीत नायिका पहिल्या मजल्याच्या सज्जावरून खाली गाडीवर उडी मारते. काका म्हणाले, "हा मी." आम्ही पोरं इतकं हसलो की काकूंनी टीव्ही बंद केला. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि बोटानं दाखवलं, "बघ, इथं पोटरी दिसते." खरंच दिसत होती.

तेव्हा आमच्या कोणाच्याही मनात आलं नाही की विचारावं, गुडघ्याचं हे तिथलंच का? त्या नायिकेची मुलाखत मात्र माझ्या आत्येबहिणीनं कापून वहीत चिकटवली होती. तिच्यात लिहिलं होतं की त्या सिनेमातले अवघड प्रसंग बाईंनी स्वतः केले.

हिंदी सिनेमात बायकांच्या जागी उड्या मारायला बायका नव्हत्या असंही नाही. 'शोले'तल्या टांग्याच्या पाठलागात हेमामालिनीच्या जागी रेश्मा पठाण होत्या. तिकडे १९१५च्या आसपास हेलन गिब्सन हे काम करत होती. आणि तरी पुरुषाला टोप घालून उभं करणं चालू राहिलं, कारण ते सवयीचं होतं आणि पडद्यावर एरवी कोणाला कळत नव्हतं. रेश्मा पठाणांवर चित्रपट निघाला तो २०१९ मध्ये, 'शोले'नंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

म्हणून 'ती स्वतः करायची की नाही' या प्रश्नावर कोणी मला खेचू पाहिलं की मी आता येत नाही. तो प्रश्न जाहिरातवाल्यांचा आहे. १९१४ मध्ये त्यांनीच तो विचारला आणि उत्तरही त्यांनीच दिलं. आज मालिकेच्या सेटवरून 'जिवावर उदार होऊन' अशा मथळ्याची बातमी येते तेव्हा ती त्याच कारखान्यातून निघालेली असते. माझा प्रश्न इतकाच: त्या दिवशी तिथे कोण कोण होतं, कोणाला काय लागलं, आणि त्याचे पैसे कोणी दिले.

पर्ल व्हाइटनं १९२४ मध्ये फ्रान्समध्ये शेवटचा चित्रपट केला आणि काम थांबवलं. पैसे होते, घोडे पाळले, मजेत राहिली असं दिसतं. पाठ दुखत राहिली, त्यावर दारूचा उतारा चालू राहिला. १९३८च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळ यकृताच्या आजारानं गेली, वय एकोणपन्नास. पासीच्या दफनभूमीत तिचं थडगं आहे. १९४७ मध्ये हॉलिवूडनं तिच्या आयुष्यावर 'पेरिल्स ऑफ पॉलिन' याच नावाचा गाण्यांचा रंगीत सिनेमा काढला. त्यातलं आयुष्य बरंचसं कल्पित आहे.

त्या वक्त्यांना मी नंतर दोन पानी पत्र लिहिलं, मेबल नॉर्मंडच्या चित्रपटाच्या नावासकट. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांचं तेच व्याख्यान दुसऱ्या गावी आहे. जाहिरातीवर तेच चित्र आहे.